एका कुकाऱ्याला ओ

१

पाणी ओतून बघितल्याशिवाय बाळाजीने आयुष्यात एकही काम सोडलं नाही. गच्ची असो, मोरी असो, नाहीतर कुणा शेखाच्या बंगल्याचा पोर्च असो. प्लास्टर वाळलं की वरच्या कोपऱ्यात एक तांब्या पाणी ओतायचं आणि उकिडवं बसून ते कुठे जातं बघायचं. पाणी थांबलं की काम नापास. बहरीनमध्ये वर्षाला चार शिंतोडे पडतात, त्यामुळे इथे उताराची फिकीर कुणालाच नाही, इंजिनियरांना तर नाहीच नाही. पण बाळाजी पडला पोलादपूरकडचा गवंडी. उम्म अल हस्समला मुलाने भाड्याने घेतलेल्या फ्लॅटच्या उंबऱ्यापुढची फरशीसुद्धा त्याने स्वतः उखडून पुन्हा बसवली होती, कारण जिना पुसला की पाणी दाराखालून आत यायचं. मालकाला विचारलंही नाही.

"विचारायचं काय त्यात? पाणी बाहेर गेलं पाहिजे. खलास."

आता वय सदुसष्ट. काम सुटलेलं. सकाळचा चहा, मग टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या, मग बायकोशी, म्हणजे शेवंतीशी, मिठावरून भांडण, आणि दुपारी शाळेची बस आली की नातीला घ्यायला खाली जायचं. नात विशाखा, दहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. आजोबांपुढे मात्र इंग्रजी चालत नाही, त्यामुळे त्यांच्याशी मोडकंतोडकं मराठी.

त्या दिवशी ती बसमधून उतरली ती काखेत थर्माकोलची जाड पाटी घेऊन.

"आजोबा, प्रोजेक्ट. बॉर्डरवरून जाणारे माउंटन्स. मला हिमालय पाहिजे होता, तो आतिकाला दिला टीचरने. मला हजर."

"कुठला?"

"हजर माउंटन्स. थोडे एमिरेट्समध्ये, थोडे ओमानमध्ये."

 बाळाजीने तिच्या काखेतली पाटी ओढून घेतली आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली.

"डोंगर थर्माकोलचा करतात व्हय? डोंगर काय टीव्हीचं खोकं आहे?"

"तुम्ही पाहिलाय तो?"

"होतो तिकडं. रस्त्याच्या कामावर. दीड वर्ष."

"किती मोठाय? दुखानपेक्षा मोठा?"

जबल दुखान हा बहरीनचा एकमेव डोंगर. उंची एकशे चौतीस मीटर. "त्याच्यावर आमच्याकडं पोरं सकाळी डबा घेऊन जातात," बाळाजी म्हणाला आणि खदखदून हसला. पण त्या दीड वर्षाबद्दल पुढे काही बोलला नाही. अडतीस वर्षांत कधीच बोलला नव्हता.

२

डायनिंग टेबल जप्त झालं. त्यावर चार बाय अडीचचं प्लायवूड, प्लायवर कोंबडीची जाळी, जाळीखाली पेपरचे बोळे, वरून प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. दहा-बारा दिवस घर जमिनीवर बसून जेवलं.

"तीस वर्षं गल्फात काढून पुन्हा भुईवर," शेवंती ताट सरकवत म्हणाली. "बरं झालं. गुडघ्यांना गावची आठवण झाली."

मुलगा परीक्षित बापाला घाबरतो, तो भुईवर मांडी घालून जेवला. सून मृणाली सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीवरून आली की ती टेबलापाशी थांबायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसताय." दिसत होताच. हाताला थापी आली की बाळाजीची पाठ सरळ होते.

टीचरने दिलेला नकाशा विशाखाने भिंतीला चिकटवला होता. ती वाचून दाखवायची, तो थापायचा. वर उत्तरेला मुसंदमचे कडे, समुद्रात बोटं घातल्यासारखे. तिथून रांग खाली आग्नेयेला वळते. पूर्वेच्या उतारावरचं पाणी समुद्राला, पश्चिमेचं वाळवंटाला, तिथे ते वाळू पिऊन टाकते. आणि सरहद्द कधी डोंगरमाथ्याच्या धारेवरून, कधी धार सोडून. एके ठिकाणी तर एमिरातींच्या मुलखात ओमानचं गाव, आणि त्या गावाच्या पोटात पुन्हा एमिरातींची वस्ती.

"डब्यात डबा," विशाखा म्हणाली आणि टाळ्या पिटल्या. सरहद्दीसाठी तिने लाल लोकर आणली होती, ती टाचण्यांनी टोचत टोचत तिने दोन देश वेगळे केले.

गुरुवारी दुपारी रंग वाळला. वॉटरप्रूफचे दोन हात दिलेले. बाळाजीने चहाची किटली भरून नातीच्या हातात दिली. "धारेवर ओत. हळू. आता बघ, डोंगर पास का नापास."

पाणी धारेवर पडलं आणि दोन्हीकडे फुटलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, खोऱ्याखोऱ्यातून पळत खाली ठेवलेल्या पराती वाजवत उतरलं. विशाखा नाचायला लागली. शेवंतीसुद्धा पदराला हात पुसत बघायला आली आणि म्हणाली, "अवं, खरंच की, नदी झाली."

बाळाजी मात्र उकिडवा बसून बघत होता. लाल लोकरीच्या पलीकडे, धारेच्या जरासं खाली, चमचाभर पाणी थांबलं होतं.

तिथे खळगा होता. त्याने केलेला नव्हता.

३

त्याने तो पुट्टीने बुजवला. पुट्टी बोटाने दाबली, पॉलिश पेपर मारला, वर रंगाचा हात दिला. पाच मिनिटांचं काम.

शुक्रवारी सकाळी चहा घेऊन तो टेबलापाशी आला तर खळगा पुन्हा होता. आदल्या दिवसापेक्षा खोल, आणि पाण्याने काठोकाठ भरलेला. पुट्टीचा कणही कुठे पडलेला नव्हता. खाली पेपर अंथरला होता, तोही कोरडा.

बाळाजी येडागबाळा नाही. त्याने हिशेब लावला. प्लास्टर आतून ओलं असेल, वाळताना बसलं असेल. एसीच्या थंडीने दव धरलं असेल. पोरीने गंमत म्हणून उकरलं असेल. त्याने विशाखाला उठवून विचारलं.

"मी नाही," ती डोळे चोळत आली. मग तिने खळग्यात वाकून बघितलं, नकाशा बघितला, बापाचा टॅब आणून वरून काढलेले फोटो मोठे करकरून बघितले. "आजोबा, हे मॅपवर नाहीच आहे. कुठेच नाही. ही नवीन व्हॅली. आपण हिला आजोबा व्हॅली म्हणू?"

"गप. बुजवायचंय ते."

"नको ना. किती छान आहे. बघा, दोन झाडं पण लावलीत तुम्ही."

बाळाजीने चष्मा लावला. पाण्याच्या काठाला दोन काळे ठिपके होते. मोहरीएवढे. एक सरळ, एक वाकडा, पाण्यावर ओणवा झालेला.

त्याने कप खाली ठेवला. एक सरळ आणि एक वाकडं बाभळीसारखं झाड. मधे डोहाचं गोड पाणी. ही जागा त्याने उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली होती, आणि तीही धारेवरून, लांबून, भावाच्या बोटाच्या रोखाने.

४

साल सत्त्याऐंशी. डोंगर फोडून रस्ता न्यायचं काम, तंबू अलीकडे एमिरातींच्या बाजूला. बाळाजी एकोणतीसचा, त्याचा धाकटा भाऊ तुकाराम एकवीसचा. पाण्याचा टँकर चालवायला खेडकडचा फारुख. तिघांची चूल एक. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास यायचा, आणि बाळाजीला त्या पाण्याचा चहा उतरत नसे. तुकारामने धारेपलीकडे एक डोह शोधून काढला होता. पलीकडे म्हणजे ओमानात. तिथे ना कुंपण, ना पाटी. संध्याकाळी काम सुटलं की तो निळा कॅन घेऊन जायचा आणि अर्ध्या तासात यायचा.

त्या दिवशी तो दमला होता. "आज टँकरचं प्या की," म्हणाला. बाळाजीने शिवी हासडली. तुकाराम हसत कॅन उचलून गेला.

पाचचा सुमार. ऊन चांगलं होतं. धारेपलीकडून कुकारा आला. "कूऽऽ".

आपल्याकडच्या डोंगरातली रीत पोलादपूरला आहे तशी खेडलाही आहे, हिंदूंत आहे तशी मुसलमानांतही आहे. रानात एका कुकाऱ्याला ओ द्यायची नाही. माणूस असला तर तो दुसरा देतो, तिसरा देतो. एकदाच हाक मारून गप्प राहतं, ते माणूस नसतं; त्याला ओ दिली की ते तुमचा माग काढत येतं. हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. बाळाजी चुलीपाशी थांबला. म्हणालासुद्धा, स्वतःशीच, "दुसरा येऊ दे."

दुसरा आला नाही.

मग पोलीस आले, कंपनीचे लोक आले. त्यांनी विचारलं, काही ऐकलंस? बाळाजी म्हणाला, नाही. काय सांगणार, की सख्ख्या भावाची हाक ऐकली आणि भूत समजून बसून राहिलो? शोध सरहद्दीच्या अलीकडे झाला, तीन दिवस. पलीकडे जायला यांना परवानगी लागत होती, आणि पलीकडून काही ऐकू आल्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी कंपनीने कागदावर लिहिलं, कामगार फरार.

आई मरेपर्यंत म्हणत राहिली, माझा तुका पळून जाणारा नव्हता. बाळाजी मान खाली घालून जेवत राहिला. मग त्याने नकाशात बघून असा देश निवडला जिथे डोंगर नाही, जिथे हाक मारली तर आपटून परत येत नाही.

५

शुक्रवारी दुपारी फारुख जेवायला आला. तोही आता बहरीनमध्येच, हमद टाउनला त्याचं छोटं दुकान. बायको मसूदाने सांदणं करून दिली होती, डबा उघडला तसा नारळाचा वास घरभर झाला.

"अरे बाळ्या, तू डोंगर केलास की डोंगरान तुला?" तो टेबलाकडे बघत म्हणाला. "सगला पांढरा झालास."

"तुझ्या टँकरच्या पाण्यापेक्षा बरा रंग आहे."

"अजून तेच. पन्नास वर्षांनी माझ्या कबरीवर पण येऊन बोलशील, डिझेलचा वास येतो म्हणून."

सगळे हसले. परीक्षितने सातवं सांदण घेतलं म्हणून मृणालीने त्याच्या हातावर चापट मारली. शेवंती फारुखला आग्रह करत होती आणि तो "बस झाला वहिनी" म्हणत ताट पुढे करत होता. खिडकीतून लख्ख ऊन. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. असं सगळं चालू असताना बाळाजीचा घास तोंडातच राहिला.

"कूऽऽ".

डासाएवढा बारीक. टेबलावरून.

त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कुणालाच काही नाही. फारुख ताटात बघत होता. फक्त विशाखाने मान वळवली.

"आजोबा, कोणीतरी बोलवतंय." आणि तिने तोंडाशी दोन्ही हातांचा भोंगा केला.

"ओ देऊ नकोस." बाळाजीने तिचा हात असा धरला की ती रडकुंडीला आली. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्याने तिला जवळ ओढली आणि रीत सांगितली, जशी आईने त्याला सांगितली होती. एकच हाक आली तर थांबायचं. माणूस असेल तर पुन्हा मारील.

विशाखाने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "पण आजोबा, त्याच्याकडे एकच असेल तर?"

"एकच काय?"

"एकच हाक. म्हणजे पडला, लागलं, आणि एकदाच ओरडता आलं. मग?"

"पोर बापावर गेली, प्रश्न लय विचारते," शेवंती म्हणाली. फारुख उठला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

६

शनिवारी घरचे सगळे बाजाराला गेले. बाळाजी मुद्दाम मागे राहिला. त्याने पटकन धरणारं सिमेंट कालवलं आणि खळगा ठेचून भरला. दोन काळे ठिपके थापीखाली गेले तेव्हा त्याने डोळे मिटले होते, हे खरं.

मग एसी बंद केला. पंखा बंद केला. फ्रिजची घरघर नको म्हणून त्याचाही खटका ओढला. दिवसाढवळ्या, अकरा वाजता, घर इतकं गप्प झालं की परातीत पाण्याचा एक थेंब पडला तर तो दचकला.

प्लायवूडच्या खालून आवाज येत होता.

हातात टॉर्च घेऊन तो टेबलाखाली शिरला. गुडघे कडाकडा वाजले. प्लाय खालून कोरडं ठणठणीत. ना भोक, ना फट. उंदीर असेल. पाइपातला आवाज असेल, वरच्या मजल्यावरचा फिलिपिनो नेहमी काहीतरी सरकवत असतो. त्याने कान लाकडाला लावला.

आधी वारा. मग चुलीत काटकी मोडते तसा कडक आवाज. ॲल्युमिनियमच्या टोपावर झाकण. मग, अगदी जवळ, कानाशी तोंड लावल्यासारखा, एक तरुण माणूस बोलला.

"दुसरा येऊ दे."

बाळाजीने तो आवाज ओळखला. तो त्याचाच होता.

तो टेबलाखालून बाहेर आला तेव्हा डोक्याला टेंगूळ होतं आणि शर्ट घामाने चिकटला होता. त्याने वर बघितलं. सिमेंट फुटलं नव्हतं, उडालं नव्हतं. नुसतं नव्हतं. डोह भरलेला होता, एक झाड सरळ, एक वाकडं. आणि लाल लोकर तेवढ्याच जागी खाली दबली होती, जाता येता कुणी तिच्यावर पाय देत असावं तशी.

७

बुधवारी प्रदर्शन. डोंगर शाळेत न्यायला फारुखचा पिकअप आला. मागे गाद्या घालून त्यावर प्लाय ठेवलं, दोरीने बांधलं. विशाखा बसने पुढे गेली होती. दोघे म्हातारे पुढे.

दुसऱ्या सिग्नलला बाळाजी म्हणाला, "फारुख, मी खोटं बोललो."

"कधी?"

"तुका गेला तेव्हा. मी हाक ऐकली होती. पलीकडून. एकच. ओ दिली नाही. आणि पोलिसाला सांगितलं, काही ऐकलं नाही."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. फारुखने गाडी पुढे घेतली आणि एका औषधाच्या दुकानासमोर कडेला लावली. इंजिन बंद केलं. 

"मी पन ऐकली," तो म्हणाला.

"काय?"

"मी टँकराखाली होतो, बोल्ट आवलीत होतो. ऐकली. थांबलो. माझी आई बी तेच शिकवून गेली, एका हाकेला जाव नको. मना वाटला, तू ऐकली नाय. तुला सांगितला असता तर तू मना जित्ता सोडला नसता." त्याचा आवाज फुटला. "अडतीस वर्ष तुझ्या घरी जेवतो मी, बाळ्या. परवा जेवताना पन ऐकली. म्हनून उठलो."

 बाळाजीला राग यायला पाहिजे होता, राग तर त्याला चहा थंड झाला तरी येतो. पण छातीवरची एक फरशी उचलल्यासारखं झालं आणि त्याला हसू आलं. फारुखला पण आलं. दोघे म्हातारे पिकअपमध्ये बसून डोळ्यांतून पाणी काढत हसले. औषधाच्या दुकानातला मलबारी पोऱ्या काचेतून बघत होता.

"गाढव आहेस," बाळाजी म्हणाला.

"तू काय कमी हायस?"

"आता आली तर?"

फारुखने किल्ली फिरवली. "आता आली तर काय. आपन आता कुठल्या भुताला भिनार? यल्ला, चल."

८

शाळेचा हॉल म्हणजे नुसता गोंगाट. आल्प्स, अँडीज, आतिकाचा थर्माकोलचा हिमालय, त्यावर शेव्हिंग क्रीमचं बर्फ. आईबाप फोटो काढतायत, पोरं धावतायत. बाळाजीच्या डोंगराभोवती मात्र गर्दी जमली. विशाखा किटलीने पाणी ओतून दाखवत होती, दर वेळी पोरं ओरडत होती.

टीचर वाकून म्हणाली, "ब्युटिफुल. पण ही जागा माझ्या नकाशात दिसत नाही."

"ही आजोबा व्हॅली आहे," विशाखा म्हणाली.

तेवढ्यात हाक आली.

"कूऽऽ".

त्या गोंगाटात ऐकू यायला नको होती. आली. फारुखचा हात बाळाजीच्या दंडावर घट्ट बसला. एक पळभर बाळाजीच्या मनात तेच जुनं आलं, माणूस नसेल तर, माग काढत आलं तर. मग त्याने नातीकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

त्याने मान वर केली, तोंडाशी भोंगा केला आणि बेंबीच्या देठापासून ओ दिली. फारुखने दिली. दोन म्हाताऱ्यांच्या कुकाऱ्याने हॉलचे पत्रे वाजले. सगळं चिडीचूप झालं. कुठेतरी एक फुगा फुटला.

आणि दुसरा कुकारा आला. मग तिसरा. तिसरा जवळून.

बाळाजी डोंगरावर वाकला. डोहाच्या काठाला, वाकड्या झाडाखाली, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उभं होतं. त्याच्या बाजूला निळा कण. त्याने पापणी मिटून उघडली तर ते धारेवर होतं, दबलेल्या लोकरीपाशी. पुन्हा मिटली आणि उघडली. लोकर हलत होती. दाणा अलीकडच्या उतारावर, खाली येत होता, आणि त्याची चाल बाळाजीला ठाऊक होती. तुका डावा पाय जरा ओढायचा, लहानपणी आंब्यावरून पडल्यापासून.

पुढच्या वेळी तिथे काहीच नव्हतं. डोह नव्हता, झाडं नव्हती. सपाट, पॉलिश पेपर मारलेला उतार. विशाखाने किटली ओतली तर पाणी सरळ निघून गेलं.

लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हा प्रोजेक्टचाच भाग आहे, डोंगरातली माणसं कशी बोलतात ते.

पहिला नंबर हिमालयाला मिळाला. "थर्माकोलला," बाळाजी घरी येईपर्यंत म्हणत होता. "त्याच्यावर पाणी ओता म्हणावं एकदा."

९

पुढच्या शुक्रवारी टेबल मोकळं होतं. डोंगर शाळेने ठेवून घेतला. फारुख आणि मसूदा आले होते, विशाखा सगळ्यांना दुसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट पुन्हा दाखवत होती. बाळाजीने सकाळी दाढी केली होती, मिठाबद्दल एक शब्द काढला नव्हता. शेवंती मसूदाला हळूच म्हणाली, "बुधवारपासून घोरत नाहीत. बाळासारखे झोपतात." मग मोठ्याने विचारलं, "चहाचं किती आधण ठेवू?"

दाराची बेल वाजली.

एकदाच.

मृणाली उठायला लागली. शेवंती म्हणाली, "बस गं. इस्त्रीवाला असेल, पुन्हा वाजवील."

बेल पुन्हा वाजली नाही. फारुखने कप खाली ठेवला होता. तो बाळाजीकडे बघत होता, आणि बाळाजी दाराकडे.

दाराखालून पाणी येत होतं. फार नाही, चमचाभर. बाळाजीने तिथे स्वतःच्या हाताने बाहेर उतार दिला होता, बोटभर, लेव्हल लावून. त्या उतारावर पाणी आत येऊच शकत नाही. ते चढून आत येत होतं, सावकाश, उंबरा ओलांडून. बाळाजी खाली वाकला, त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. गोड होतं. डिझेलचा वास नव्हता.

"शेवंते," तो म्हणाला, "एक कप वाढव."

आणि कोण आहे ते भोकातून न बघता त्याने कडीला हात घातला.

"आलो रे, आलो," तो दाराला म्हणाला. त्याचं सगळं तोंड हसत होतं. "एक कॅन पाण्याला एवढा येळ लावतात व्हय?"